दस्तुरी नाक्यावरचा रुपया : माथेरानच्या देशांतर्गत पर्यटनाचा प्रकरण अभ्यास

नेरळचा घाट चढून आलेली मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून पुढे तिला वाट नाही. बाजारपेठ अजून अडीच-तीन किलोमीटरवर असते, आरक्षित केलेला लॉज त्याच्याही पलीकडे झाडीत कुठेतरी असतो, आणि बॅगा, लहान मुले व गुडघे धरून चालणारे आजी-आजोबा यांच्यासह हे अंतर कसे कापायचे, याचा निर्णय पर्यटकाला तिथे उभ्याउभ्याच घ्यावा लागतो. अमन लॉज स्थानकातून सुटणारी मिनी ट्रेनची शटल, घोडा, माणसांनी ओढायची हातरिक्षा, गेल्या काही वर्षांत आलेली ई-रिक्षा, डोक्यावर सामान घेणारा हमाल आणि स्वतःचे पाय एवढे पर्याय समोर असतात. यांपैकी शेवटचा सोडला तर प्रत्येक पर्यायामागे एका वेगळ्या समूहाची चूल पेटते.

देशांतर्गत पर्यटनाची चर्चा बहुधा किती लोक फिरले आणि त्यांनी किती खर्च केला या दोन प्रश्नांभोवती फिरते. तो खर्च नेमका कोणत्या ठिकाणी, कोणाच्या हातात आणि कोणत्या भांडणातून पडतो, हे त्या चर्चेत क्वचित येते. माथेरानमध्ये मात्र हा तिसरा प्रश्न टाळताच येत नाही, कारण मोटारींना बंदी असल्यामुळे पर्यटकाचा रुपया एका अरुंद वाटेवर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वाटला जातो. गेल्या दोन-तीन दशकांत पर्यटकाचा मुक्काम जसजसा आखडत गेला, तसतसा गावातला खर्चाचा झगडा लॉजच्या खोलीतून निघून दस्तुरी नाक्यावर आला, असे या अभ्यासाचे प्रतिपादन आहे. आणि तिथे गेल्या काही वर्षांत उठलेले बहुतेक वाद, न्यायालयापर्यंत गेलेले वादही, या बदलाच्या प्रकाशात पाहिले तरच नीट उलगडतात.

मोठ्या आकड्यांची मर्यादा

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१९ मध्ये भारतात देशांतर्गत पर्यटकांच्या सुमारे २३२ कोटी भेटी नोंदल्या गेल्या. टाळेबंदीच्या २०२० या वर्षात त्या सुमारे ६१ कोटींवर कोसळल्या. २०२२ मध्ये त्या १७३ कोटींवर पोहोचल्या आणि २०२३ मध्ये २५० कोटींचा टप्पा ओलांडून २०१९ च्या पुढे गेल्या. २०२२ च्या क्रमवारीत उत्तर प्रदेश, तामिळनाडू, आंध्र प्रदेश, कर्नाटक आणि गुजरात यांच्यामागोमाग महाराष्ट्र सहावा होता आणि त्याच्या नावावर ११ कोटींहून अधिक भेटी होत्या. हे आकडे भेटींचे आहेत, माणसांचे नाहीत; एकच कुटुंब वर्षात तीनदा फिरले तर ते तीनदा मोजले जाते. शिवाय ही मोजणी राज्यांनी मुख्यतः निवासव्यवस्थांकडून गोळा केलेल्या माहितीवर उभी असल्यामुळे सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा माणूस तिच्यात नीट सापडत नाही. माथेरानच्या दृष्टीने ही उणीव किरकोळ नाही, कारण तिथल्या बदलाचा नायक म्हणा की खलनायक म्हणा, तो नेमका हाच माणूस आहे.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७२ व्या फेरीने, म्हणजे २०१४-१५ च्या घरोघरच्या पाहणीने, दुसरी एक गोष्ट दाखवली होती: भारतीय कुटुंबांच्या मुक्कामी प्रवासांत सर्वांत मोठा वाटा नातेवाइकांकडे जाणे, लग्नकार्ये, सणवार अशा सामाजिक कारणांचा असतो आणि निव्वळ मौजेसाठी केलेले प्रवास संख्येने त्यामानाने थोडे असतात. लग्नाला जाणारा माणूस हॉटेलात फारसा राहत नाही, घोड्यावर बसत नाही आणि चिक्कीही विकत घेत नाही. म्हणून राष्ट्रीय एकूण आकडा वाढला म्हणजे थंड हवेच्या प्रत्येक ठिकाणी सुबत्ता आली, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरते.

गाव, गाडी आणि बंदी

माथेरान रायगड जिल्ह्यात कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. १८५० मध्ये ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू मॅलेट यांनी ही जागा हेरली आणि पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात इथे वस्ती आकाराला आली. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या जोडीने पारशी, बोहरी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी बंगले बांधले. १९०४ ते १९०७ या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी सुमारे १६ लाख रुपये खर्चून नेरळपासून दोन फूट रुंदीची रेल्वे वर नेली. डोंगरउतारावर नागमोडी वळणे घेत, जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज अशी स्थानके घेत जाणारी ही गाडी वीस-एकवीस किलोमीटरला दोन तासांहून अधिक वेळ घेते. ती वेगासाठी बांधलेलीच नव्हती. खाली मुंबईत उकडत असताना महिनाभर वर राहायला जाणाऱ्या माणसाला दोन तासांचे काय वाटणार होते?

फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित केला आणि पूर्वापार चालत आलेल्या मोटारबंदीला भक्कम कायदेशीर आधार मिळाला. रुग्णवाहिकेसारखे मोजके अपवाद सोडले तर दस्तुरीच्या पुढे वाहन नाही. ही बंदी हेच माथेरानचे भांडवल आहे, हे गावातला कोणीही नाकारत नाही. मतभेद आहेत ते त्या बंदीचा भार कोणी उचलायचा याबद्दल.

२०११ च्या जनगणनेत या गावाची लोकसंख्या ४,३९३ भरली. त्याआधीच्या, २००१ च्या गणनेत ती पाच हजारांच्या वर होती. पर्यटक वाढत असताना रहिवासी घटत गेले, ही विसंगती मुळातच विचार करायला लावणारी आहे. घर बांधण्यावरची बंधने, उच्च शिक्षणासाठी आणि मोठ्या आजारपणासाठी खाली जावे लागणे आणि घोड्याच्या पाठीवरून आल्यामुळे महागलेला प्रत्येक जिन्नस, या तिन्हींचा त्यात वाटा असावा असे मला वाटते. स्वयंपाकाच्या गॅसची टाकी असो की भाजीची गोणी, शेवटचे तीन किलोमीटर तिलाही चुकत नाहीत.

मुक्काम आखडला

जुन्या माथेरानचा हिशेब साधा होता. उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि दिवाळीत कुटुंबे यायची, चार-आठ दिवस राहायची, काही जण तर पूर्ण मे महिना काढायचे. लॉज माणशी दर लावायचा आणि त्यात चहा, नाश्ता, दोन वेळचे जेवण असा सगळा जिम्मा घ्यायचा. गुजराती आणि जैन कुटुंबांची गर्दी असल्याने अनेक ठिकाणी स्वयंपाकही त्या पद्धतीचा असायचा आणि आजही असतो. दस्तुरीहून वर येण्याचा खर्च आठ दिवसांच्या एकूण खर्चात किरकोळ वाटायचा. मुले रोज घोड्यावर बसायची, एकदा पॅनोरमा पॉइंटला सूर्योदय पाहायला, एकदा शार्लोट तलावावर, एकदा सूर्यास्त पाहायला. घोडेवाला ओळखीचा होऊन जायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच शोधला जायचा. शेवटच्या दिवशी चिक्की, मध आणि चामड्याच्या चपला घेऊन मंडळी उतरायची. जून उजाडला की गाव मिटून घ्यायचे. नेरळहून येणारी गाडी पावसाळ्यात बंद राहायची, अनेक लॉज कुलूपबंद व्हायचे.

हे चित्र तीन दिशांनी बदलले. पहिली दिशा मुक्कामाची. मुंबई, ठाणे, नवी मुंबई आणि पुण्याच्या नोकरदार कुटुंबाला आज सलग आठ दिवसांची रजा मिळाली, तर ते विमानाने दूर कुठेतरी जाते आणि माथेरान उरते शनिवार-रविवारसाठी, एका रात्रीसाठी किंवा रात्रीविनाच. दुसरी दिशा हंगामाची. पावसाळी सहल ही गेल्या काही दशकांत मुंबई-पुण्याच्या तरुणांनी रूढ केलेली गोष्ट आहे. धुके आणि धबधबे पाहायला जुलै-ऑगस्टच्या रविवारी येणारी गर्दी पूर्वीच्या माथेरानला अनोळखी होती. अमन लॉज ते माथेरान ही शटल पावसाळ्यातही चालू राहत असल्याने या गर्दीला आधार मिळाला. तिसरी दिशा वाहनाची. टाळेबंदीनंतर घराजवळची आणि स्वतःच्या मोटारीने करायची सहल लोकांना अधिक आवडू लागली. माथेरानच्या बाबतीत याचा अर्थ असा झाला की नेरळला लोकलमधून उतरून मिनी ट्रेन किंवा टॅक्सी धरणाऱ्या पर्यटकाच्या जोडीला थेट दस्तुरीच्या वाहनतळापर्यंत मोटार आणणारा पर्यटक मोठ्या संख्येने आला आणि सुट्टीच्या दिवशी घाटात वाहनांच्या रांगा लागू लागल्या.

मिनी ट्रेनच्या वारंवार खंडित होण्याने या बदलाला हातभारच लावला. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत तिचा मार्ग वाहून गेला आणि गाडी २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. मे २०१६ मध्ये डबे रुळांवरून घसरण्याच्या दोन घटना लागोपाठ घडल्याने सेवा थांबली आणि टप्प्याटप्प्याने पूर्ववत व्हायला २०१८ उजाडले. २०१९ च्या पावसाने नेरळ ते अमन लॉज हा भाग पुन्हा उखडला आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत पर्यटकाला खालून वर गाडीने येताच आले नाही. या सतरा वर्षांत एक अख्खी पिढी माथेरानला मोटारीने जायला शिकली. गाडीच्या दिवसाला मोजक्याच फेऱ्या आणि मोजकेच डबे असतात, त्यामुळे ती सुरळीत चालली तरी सुट्टीच्या गर्दीपैकी फार थोड्यांना सामावू शकते. तिचे महत्त्व प्रवासाचे साधन म्हणून जेवढे आहे, त्याहून अधिक ते येण्याचे निमित्त म्हणून आहे.

खर्चाच्या घडणीत यामुळे काय फरक पडला? लॉजची खोली आता घरूनच, फोनवरून, एखाद्या आरक्षण संकेतस्थळामार्फत घेतली जाते आणि खर्चातला सर्वांत मोठा हिस्सा माणूस डोंगर चढण्याआधीच देऊन मोकळा होतो. त्यातले दलालीचे पैसे गावात येतही नाहीत. इंधन आणि टोल वाटेतच संपतात. म्हणजे दस्तुरीला उतरणाऱ्या पर्यटकाच्या मते त्याचा मुख्य खर्च झालेला असतो आणि आता जे मागितले जाईल ते सगळे वरकड असते. आठ दिवस राहणाऱ्याला जो खर्च किरकोळ वाटायचा, तोच सहा तासांसाठी आलेल्याला जाचक वाटतो. एकदिवसीय पर्यटकाने गावाचे फक्त नुकसान केले, असे मात्र म्हणता येणार नाही. मुक्कामी पर्यटक लॉजच्या पंगतीत जेवतो, तर दिवसाचा पर्यटक बाजारातल्या खानावळीत जेवतो, सरबत पितो, मक्याचे कणीस खातो. बाजारपेठेतल्या छोट्या दुकानदारासाठी तो गिऱ्हाईकच आहे. गावातल्या गावात हितसंबंध असे वेगवेगळ्या दिशांना खेचले जातात आणि ‘पर्यटन वाढले पाहिजे’ या सर्वमान्य वाक्याखाली कोणाला कोणता पर्यटक हवा आहे, हे झाकले जाते.

तीन किलोमीटरचे अर्थकारण

दस्तुरी ते बाजारपेठ या पट्ट्यावर उपजीविका करणाऱ्यांत घोडेवाले संख्येने मोठे आहेत. प्रवासी वाहतुकीचे साडेचारशेच्या वर परवानाधारक घोडे गावात आहेत, शिवाय सामान वाहणारे वेगळे. हातरिक्षांचे परवाने ९४. एका हातरिक्षेला पुढे एक आणि मागे दोन अशी तीन माणसे लागतात, चढावर तर नक्कीच. लाल मातीच्या धुपलेल्या रस्त्यावरून, खड्डे आणि दगड चुकवत, माणसाने माणसाला ओढत नेण्याचे हे काम वर्षानुवर्षे चालू राहिले याचे कारण परंपरेपेक्षा नाइलाज हे अधिक आहे. यांखेरीज हमाल आहेत, आणि डोंगराच्या कुशीतल्या आदिवासी वाड्यांमधून पायवाटेने रोज वर येऊन मोलमजुरी करणारी, रानमेवा विकणारी माणसे आहेत.

घोडा पाळण्याचे अर्थशास्त्र बाहेरच्याला सहसा दिसत नाही. चारा, खुराक, नाल आणि औषधपाणी हा खर्च वर्षाचे ३६५ दिवस आहे. कमाईचे खरे दिवस मात्र वर्षातल्या ५२ आठवड्यांचे शनिवार-रविवार धरले तर १०४ आणि त्यांत दिवाळी, नाताळ, मे महिना यांची भर. मुक्कामी पर्यटक आठवडाभर राहायचा तेव्हा मंगळवारीही घोड्याला काम असायचे. तो गेला, आणि सात दिवसांचा खर्च दोन दिवसांत वसूल करण्याची पाळी आली. नाक्यावर गिऱ्हाइकामागे धावणे, भाव चढवून सांगणे, शटल स्थानकाची वाट न दाखवणे, या ज्या तक्रारी पर्यटक करतात त्यांचे समर्थन करता येणार नाही. पण त्या एखाद्या समूहाच्या स्वभावातून उगवल्या नाहीत, त्या या आखडलेल्या कमाईच्या दिवसांतून उगवल्या आहेत, हे लक्षात घेतल्याशिवाय त्यांवरचा उपायही सापडणार नाही.

या तक्रारींचा स्फोट मार्च २०२५ मध्ये झाला. दस्तुरीवर पर्यटकांची दिशाभूल करून त्यांच्याकडून अवाजवी पैसे घेतले जातात आणि त्यामुळे माथेरानची बदनामी होऊन पर्यटक पाठ फिरवतात, असे म्हणत गावातल्याच व्यावसायिकांनी आणि रहिवाशांनी १८ मार्चपासून बेमुदत बंद पुकारला. दुकाने, लॉज, ई-रिक्षा थांबल्या. प्रशासनाच्या आश्वासनानंतर बंद मागे घेण्यात आला. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने पर्यटकाच्या बाजूने आपले दरवाजे बंद करावेत, हा प्रसंग असाधारण आहे. वरवर पाहता तो प्रामाणिक आणि अप्रामाणिक यांच्यातला वाद वाटतो. खोलात पाहिले तर लॉज आणि बाजार यांचे उत्पन्न पर्यटक पुन्हा येण्यावर अवलंबून आहे, आणि नाक्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो पर्यटक बहुधा एकदाच भेटणार आहे. ज्याला गिऱ्हाईक पुन्हा भेटायचे नसते त्याला भाव वाजवी ठेवण्याचे कारणही उरत नाही. ओळखीचा घोडेवाला शोधणारे कुटुंब जेव्हा यायचे, तेव्हा नाक्यावरच्या माणसाचे हितही बाजाराच्या हिताशी बांधलेले होते. तो बांध मुक्काम आखडल्याने सुटला.

ई-रिक्षेचा प्रवेश याच पार्श्वभूमीवर झाला. हातरिक्षाचालकांच्या बाजूने दीर्घकाळ चाललेल्या पाठपुराव्यानंतर मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना मुभा दिली आणि डिसेंबर २०२२ मध्ये सात ई-रिक्षा रस्त्यावर आल्या. दर ठरला माणशी ३५ रुपये आणि शाळकरी मुलांना ५ रुपये. चौघांच्या कुटुंबाला १४० रुपयांत, घासाघीस न करता, वर जाता येऊ लागले. त्या शाळकरी मुलांच्या पाच रुपयांचा उल्लेख पर्यटनाच्या हिशेबात सहसा होत नाही, पण मोटारबंदीचा भार ज्या मुलांनी दप्तर पाठीवर घेऊन रोज उचलला होता त्यांच्यासाठी तो मोठा बदल होता. पुढे न्यायालयाने ई-रिक्षांची संख्या वीसपर्यंत मर्यादित ठेवली आणि त्या केवळ हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच उपजीविकेच्या बदल्यात मिळाव्यात, हे स्पष्ट केले.

अश्वपालकांचा विरोध स्वाभाविक होता. तो कितपत साधार आहे हे तपासण्यासाठी एक ढोबळ गणित करून पाहता येते. एका ई-रिक्षेत चार माणसे बसतात आणि चढ-उतार धरून एका फेरीला चाळीस मिनिटे लागतात असे मानले, तर वीस रिक्षा तासाला साधारण १२० माणसे वर नेतील आणि सकाळच्या पाच तासांत ६००. माथेरानला वर्षाला आठ लाखांच्या आसपास पर्यटक येतात असे वरचेवर सांगितले जाते. त्याची रोजची सरासरी २,२०० च्या आत-बाहेर येते आणि सुट्टीच्या दिवशी हा आकडा याच्या कितीतरी पट होतो. म्हणजे रविवारी वीस रिक्षांनी घोड्याचे काम हिरावले जाण्याची शक्यता कमी आहे; रांगेला कंटाळलेला पर्यटक घोड्याकडे वळणारच. पण मंगळवारी, बुधवारी, जेव्हा तुरळक माणसे येतात, तेव्हा त्यांतली बहुतेक रिक्षेत मावतात आणि घोडा उभाच राहतो. ज्या दिवसांची कमाई आधीच उतरणीला लागली होती तीच आणखी घटली. विरोधाचे मूळ इथे आहे. रिक्षांची संख्या आणखी वाढली तर रविवारही सुरक्षित राहणार नाही, ही भीतीही याच गणितातून निघते.

रस्त्यावर मातीच्या पेव्हर ब्लॉकचे आच्छादन असावे की नाही हा वादही वरवर पर्यावरणाचा आणि आतून याच रुपयाचा आहे. लाल मातीची दरसाल होणारी धूप खरी आहे, ब्लॉकवर घोडे घसरतात ही तक्रारही खरी आहे आणि ब्लॉकशिवाय ई-रिक्षा नीट चालत नाही हेही खरे आहे. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. स्वातंत्र्याला इतकी वर्षे आणि संविधानाला पाऊणशे वर्षे झाल्यानंतर माणसाने माणसाला ओढणे हे मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असे म्हणत न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे निर्देश दिले. गुजरातमधील केवडिया येथे स्थानिकांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची जी पद्धत आहे तिचा विचार राज्याने करावा आणि पैशाची टंचाई ही सबब पुढे करू नये, असेही सांगितले. दस्तुरी ते शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यावर पेव्हर ब्लॉकला परवानगी मिळाली, आतल्या रस्त्यांना आणि पॉइंटकडे जाणाऱ्या वाटांना नाही.

हा निकाल हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या दृष्टीने न्याय्य आहे, याबद्दल दुमत असू नये. खर्चाच्या वाटपाच्या दृष्टीने पाहता त्याने आणखी एक काम केले: मुख्य रस्ता ई-रिक्षेचा आणि पॉइंटच्या वाटा घोड्याच्या, अशी एक विभागणी त्यातून आपोआप सूचित होते. घोड्याचे भवितव्य दस्तुरीच्या नाक्यावर नसून पॅनोरमा, एको, लुईसा या पॉइंटांच्या सावलीच्या वाटांवर आहे, असे माझे मत आहे. तिथे घोडा नाइलाजाने पत्करायचे वाहन राहत नाही, सहलीचा आनंद होतो, आणि आनंदासाठी दिलेल्या पैशाबद्दल पर्यटक सहसा तक्रार करत नाही. अडचण इतकीच, की पॉइंट निवांत पाहायला वेळ लागतो आणि वेळ मुक्कामी पर्यटकाकडेच असतो.

डोईवरचा कर

दस्तुरीवर नगरपरिषद प्रवासी कर घेते, प्रौढाला ५० रुपये आणि लहान मुलाला त्याच्या निम्मे. वर उल्लेखलेला आठ लाखांचा आकडा गृहीत धरला आणि सगळे प्रौढच आले असे मानले, तरी वर्षाचे जास्तीत जास्त चार कोटी होतात. मुले वजा करता आणखी कमी. सव्वाचार-साडेचार हजार वस्तीच्या नगरपरिषदेने या पैशातून तिच्या लोकसंख्येच्या पावणेदोनशे-दोनशे पट पाहुण्यांचा कचरा उचलायचा, प्लास्टिक वेचायचे, घोड्यांची लीद काढायची, स्वच्छतागृहे ठेवायची आणि डोंगरमाथ्यावर पाणी पुरवायचे.

रकमेपेक्षाही या कराचा आकार विचार करण्यासारखा आहे. तो डोक्यामागे आहे, रात्रीमागे नाही. चार रात्री राहून लॉज, बाजार, घोडेवाला या सर्वांना काम देणारा पर्यटक आणि घरून डबा आणून, पॉइंटवर खाऊन, पिशवी तिथेच टाकून संध्याकाळी परतणारा पर्यटक हे दोघे दस्तुरीवर सारखेच पैसे देतात. पहिल्याची दर दिवशीची करआकारणी त्यामुळे दुसऱ्याच्या पाव हिश्शावर येते, हे त्याच्या बाजूचे झाले; पण गर्दीच्या रविवारी येणाऱ्याला आणि मोकळ्या बुधवारी येणाऱ्यालाही तोच दर असल्याने गर्दी पांगवण्याचे जे एकमेव साधन नगरपरिषदेच्या हातात आहे ते वापरलेच जात नाही. सुट्टीच्या दिवशी दर वाढवून आडवारी तो कमी केला, किंवा मुक्कामाची पावती दाखवणाऱ्याला सवलत दिली, तर घोड्याला मंगळवारी काम मिळण्याची शक्यता वाढेल. यात गरीब सहलकऱ्यावर अन्याय होतो हा आक्षेप रास्त आहे; नेरळहून लोकलने उतरून चालत वर येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गटाला आणि मोटार घेऊन आलेल्याला एकाच मापाने मोजू नये, म्हणून वाढ माणसावर न करता वाहनतळाच्या शुल्कावर करणे मला अधिक योग्य वाटते.

यांपैकी काहीही करायचे झाले तर आधी नोंद हवी. कराची पावती फाडताना मुक्काम किती रात्रींचा, आला कशाने आणि परतणार कधी, हे तीन प्रश्न विचारायला मिनिटही लागत नाही. आणि देशभरच्या भेटींच्या मोजणीतून जो एकदिवसीय पर्यटक निसटतो, तो जिथे हमखास एकाच वाटेने येतो अशी दस्तुरीसारखी जागा महाराष्ट्रात दुसरी शोधून सापडणे कठीण आहे.